पपायरसचं गाव कसं शोधायचं?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुझिरिस पपायरसबद्दल वाचलं. केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस या जुन्या बंदरातून माल भरून इजिप्तला गेलेल्या जहाजाचा कागद, म्हणजे आपल्या दृष्टीनेही मोलाचा. पण तो इजिप्तमध्ये नेमका कुठे सापडला, हे कुठेच दिलेलं नाही. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९८० साली विकत घेतला, एवढंच. असं कसं? आणि जुन्या पपायरस-संग्रहांचं मूळ शोधायचं झालं तर अभ्यासक ते शोधतात तरी कसं?"

मी गेली बावीस वर्षं युरोपातल्या एका विद्यापीठाच्या पपायरस-संग्रहात काम करते. (पपायरस म्हणजे त्याच नावाच्या वनस्पतीपासून केलेला प्राचीन इजिप्तचा कागद.) त्याआधी पुण्यात पोथ्यांवर शिकले. या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे: तो पपायरस व्यापाऱ्याकडून आला, आणि गाव सांगण्यात व्यापाऱ्याचा कधीच फायदा नसतो. गाव सांगितलं तर सरकारचा माणूस तिथे पोचतो, नाहीतर दुसरा व्यापारी. दुसऱ्या भागाचं उत्तर लांब आहे, म्हणून जरा बैजवार लिहिते.

आधी एक गोंधळ दूर करू. 'पपायरस कुठला?' या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. लिहिला कुठे, सापडला कुठे, आणि विकत घेतला कुठे. आमच्या जुन्या नोंदवह्यांत या तिघांना एकच रकाना असतो. 'फायूम' (हा इजिप्तमधला एक जिल्हा) असं त्यात लिहिलेलं असलं तर ते तिघांपैकी कशाचं उत्तर आहे, ते लिहिणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसे.

मुझिरिसचंच बघा. पुढच्या बाजूला कर्जाच्या कराराचा भाग आहे: तांबड्या समुद्रावर माल उतरला की तो उंटांवरून वाळवंट ओलांडून कोप्टोसला न्यायचा, तिथून नाईलमधून अलेक्झांड्रियाला, तिथे सरकारी गोदामात ठेवायचा, चौथा हिस्सा जकात. पाठीवर 'हेर्मापोलोन' नावाच्या जहाजातल्या मालाचा हिशेब आहे. गंगेकाठच्या जटामांसीच्या ६० पेट्या, हस्तिदंत, आणि शेवटी बेरीज ११५४ टॅलंट २८५२ द्राख्मा (ही तेव्हाची ग्रीक चलनं). करार मुझिरिसमध्येच झाला असं प्राचीन सागरी व्यापाराचे अभ्यासक लायनेल कॅसन यांचं मत होतं. इतरांच्या मते तो अलेक्झांड्रियात झाला. वाद चालू आहे. पण समजा अलेक्झांड्रिया खरं धरलं, तरी तो तिथे सापडलेला असणं जवळजवळ अशक्य. अलेक्झांड्रियाची जमीन ओलसर, आणि ओलीत पपायरस कुजतो. टिकतो तो नाईलच्या पुराच्या रेषेच्या वर असलेल्या कोरड्या वाळूत, ओसाड पडलेल्या गावांच्या उकिरड्यांत, थडग्यांत. म्हणजे कुणीतरी हा कागद अलेक्झांड्रियाहून वर दक्षिणेला, एखाद्या कोरड्या गावी घेऊन गेला. कोण, कधी, का? ते गाव कळलं असतं तर कदाचित घर कळलं असतं, शेजारचे कागद कळले असते, आणि सावकार कोण, व्यापारी कोण, हेही कळलं असतं. गाव गेलं ते या सगळ्यासकट गेलं.

मूळचा आणि सापडल्याचा पत्ता वेगळा असण्याचं माझं आवडतं उदाहरण अपोलोनिओसचं आहे. हा सम्राट ट्रेजनच्या काळात, इ.स. ११५ ते ११७ च्या ज्यू बंडाच्या सुमाराला, हेप्टाकोमिया इथे जिल्हाधिकारी होता. त्याच्या कचेरीतले कागद आणि घरची पत्रं मिळून मोठं दप्तर शिल्लक आहे. कागद हेप्टाकोमियाचे, पण सापडले हेर्मोपोलिसमध्ये, कारण ते त्याचं घरचं गाव. नोकरी संपल्यावर साहेब कचेरीतले कागदही गाठोड्यात बांधून घरी घेऊन आले. (आपल्याकडे हे कुणी केलं नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही.) बंडाच्या काळात त्याची आई एव्दाइमोनिस लिहिते की माझा मुलगा सुखरूप परत येईपर्यंत मी देवाकडे बघणार नाही. देवाशी अबोला धरणारी आई. हे पत्र आज फ्लॉरेन्सला आहे. तिची इतर पत्रं ब्रेमेन आणि गीसेनला. एका बाईची पत्रं तीन शहरांत कशी गेली, हे सांगायचं तर बाजाराची गोष्ट सांगावी लागते.

युरोपात पोचलेल्या पहिल्या ग्रीक पपायरसपैकी एक १७७८ साली विकत घेतला गेला आणि कार्डिनल बोर्जिया यांच्याकडे गेला. कहाणी अशी सांगतात की चाळीस-पन्नास गुंडाळ्यांतली एकच व्यापाऱ्याने घेतली, उरलेल्या तिथल्या लोकांनी सुवासासाठी जाळल्या. पपायरस जाळून सुवास येतो यावर आमच्यातल्या फारशा लोकांचा विश्वास नाही, आणि 'अडाणी लोक जाळत होते, आम्ही वाचवलं' हा सूर पुढे इतक्या वेळा ऐकू येतो की पहिल्यांदाच तो तपासून घ्यावा. त्या गुंडाळीबद्दल तेव्हाची बातमी गिझाच्या बाजूची होती. १७८८ मध्ये नील्स इव्हर्सन शोव या डॅनिश अभ्यासकाने ती वाचून छापली. निघाली काय, तर बांधबंदिस्तीच्या वेठबिगारीवर आलेल्या मजुरांची यादी, आणि तीही फायूममधल्या तेब्तुनिस परिसराची. म्हणजे या विद्येच्या पहिल्याच कागदापासून व्यापाऱ्याचा पत्ता एक आणि मजकुराचा पत्ता दुसरा.

पुढची शंभर वर्षं थोडंथोडं येत राहिलं. खरा पूर आला १८७७ नंतर, आणि त्याचं कारण शेती होती. इजिप्तमधल्या जुन्या गावांच्या टेकाडांतली माती, जिला तिथे 'सेबाख' म्हणतात, खत म्हणून फार चांगली. शेकडो वर्षांच्या कच्च्या विटा, राख, शेण, कचरा कुजून झालेली. शेतकरी गाढवांवर लादून ती नेत आणि मातीतून कागद निघत. फायूमच्या राजधानीजवळच्या टेकाडातून ते पोत्यांनी निघाले. व्हिएन्नाचा गालिच्यांचा व्यापारी थेओडोर ग्राफ याने ते घाऊक घेतले, योझेफ काराबाचेक या प्राध्यापकाच्या पुढाकाराने ते आर्चड्यूक राइनर यांनी विकत घेतले, आणि १८९९ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफला भेट दिले. आज तो संग्रह सुमारे १,८०,००० वस्तूंचा आहे. मुझिरिसचा पपायरस ज्या घरात राहतो ते हेच घर, फक्त तो घरात आला जवळपास शंभर वर्षांनी.

सेबाख खणणाऱ्यांना त्या काळच्या प्रस्तावनांत चोर ठरवलेलं असतं. मला ते पटत नाही. ते खत नेत होते. कागदाला किंमत आहे हे त्यांना कळलं ते विकत घेणारे दारात आले तेव्हा.

ऑक्सफर्डचे ग्रेनफेल आणि हंट हे या बाबतीत वेगळे, कारण त्यांनी स्वतः खणलं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात बेहनेसा गावी, म्हणजे जुन्या ऑक्सिरिंखसला, ते गावाच्या उकिरड्यावर उभे राहिले. मग १९०३ ते १९०७ पुन्हा. पाच लाखांच्या आसपास तुकडे निघाले. पहिला खंड १८९८ ला छापला गेला, ऐंशीहून अधिक खंड झाले, अजून काम संपलेलं नाही. माल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून इंग्लंडला गेला, आणि कित्येक तुकडे ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या राजपत्राच्या पानांत घडी घालून ठेवले गेले. त्यांची पद्धत आजच्या मानाने ढोबळ होती. कुठल्या थरात कुठला तुकडा, याची नोंद नाही म्हटली तरी चालेल. पण गाव नक्की, हंगाम नक्की, डबा नक्की. एवढ्या पुंजीवर आमच्या चार पिढ्या पोसल्या गेल्या. डबा एक म्हणजे उकिरड्याचा बहुधा एकच कोपरा, म्हणून फाटलेल्या कागदाचा दुसरा तुकडा आधी त्याच डब्यात शोधायचा.

तेब्तुनिसची गोष्ट सर्वांना माहीत असते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६ जानेवारी १९०० ला ग्रेनफेल-हंट यांचा एक मजूर थडग्यांमागून थडगी उघडत होता आणि माणसाऐवजी पुन्हापुन्हा ममी केलेल्या मगरीच निघत होत्या. वैतागून त्याने एक फोडली, तर मगर रद्दी पपायरसात गुंडाळलेली. सरकारी कचेरीतली रद्दी. त्या मजुराचं नाव आम्हाला ठाऊक नाही. ज्यांनी पैसे दिले त्या फीबी हर्स्ट यांचं ठाऊक आहे, आणि संग्रह त्यांच्यामुळे बर्कलीला आहे.

आता बाजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन ग्रंथालयं एकमेकांविरुद्ध बोली लावून भाव वाढवत होती. म्हणून १९०२ मध्ये त्यांनी चक्क संघ केला. इजिप्तमध्ये एकच माणूस, आधी ओटो रूबेनसोन, सगळ्यांच्या वतीने खरेदी करणार. माल बर्लिनला येणार. तिथे वाटे पाडून चिठ्ठ्या टाकणार. भिशीसारखं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने वाटा उचलायचा. व्यवहार म्हणून उत्तम. पण एकाच घरातले कागद बर्लिन, लाइपझिग, स्ट्रासबर्ग, हॅम्बुर्ग असे पांगले. अपोलोनिओसच्या आईची पत्रं तीन शहरांत जाण्यामागे असाच बाजार आहे. १९२० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम आणि मिशिगनसारख्या विद्यापीठांनी मिळून जवळपास असाच दुसरा संघ चालवला.

पांगापांगीचं सर्वांत मोठं उदाहरण झेनोनचं. हा इ.स.पू. तिसऱ्या शतकात, दुसऱ्या टॉलेमीच्या अर्थमंत्र्याचा कारभारी. फायूममधल्या फिलाडेल्फियाजवळ साहेबांची दहा हजार आरुरांची, म्हणजे पावणेतीन हजार हेक्टरच्या आसपास, जहागीर तो बघे. त्याचं दप्तर १९१४-१५ च्या सुमाराला सेबाख खणणाऱ्यांना मिळालं आणि दोन हजारांच्या घरातले कागद कैरो, फ्लॉरेन्स, लंडन, न्यूयॉर्क, मिशिगन असे विखुरले. तरी ते एक दप्तर म्हणून ओळखता आलं. ते अशामुळे की झेनोनच्या कचेरीत आलेल्या पत्राच्या पाठीवर कुणाकडून, कोणत्या तारखेला, कुठे मिळालं, हे लिहून ठेवायची शिस्त होती. आवक नोंद. मरून बावीस शतकं झाल्यावर त्याच्या कारकुनाने आमचं निम्मं काम केलं.

बहुतेक दप्तरांना असा कारकून नसतो. मग काय करायचं?

पहिली जागा दाखल नोंदवही. हे मला पुण्यात असतानाच कळलं होतं, फक्त त्याचं महत्त्व नंतर कळलं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सरकारी संग्रहातली पोथी मागवली की तिच्या क्रमांकात वर्ष असतं: अमुक क्रमांक, १८७५-७६ चा. ते वर्ष पोथी लिहिल्याचं नसतं, ती सरकारने मिळवल्याचं असतं. १८७५-७६ दिसलं की जाणकाराला कळतं, ही ब्यूलर यांच्या काश्मीर दौऱ्यातली. क्रमांकातच गाव लपलेलं आहे. पपायरसांचंही तसंच. गुपचूप खणलेलं दप्तर व्यापारी एकदम विकत नाही, पुड्या बांधून विकतो. पण एक पुडी एका ग्रंथालयात गेली की तिथे तिचे क्रमांक सलग पडतात. म्हणून लंडनच्या सलग पंधरा क्रमांकांत बारा कागद एकाच कुटुंबाचे असतील, तर मधल्या तीन अनोळखी कागदांकडेही त्याच नजरेने बघायचं. मग हाच खेळ हायडेलबर्गच्या आणि कैरोच्या वहीत खेळायचा. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाच्या कातलैन व्हान्दोर्प यांनी याला संग्रहालयातलं उत्खनन म्हटलं, आणि त्या पद्धतीने पाथिरिस या छावणीच्या गावातली दप्तरं पुन्हा उभी केली. त्यांतलं एक ड्रायटन या घोडदळातल्या अधिकाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं. तिला दोन नावं होती, ग्रीक अपोलोनिया आणि इजिप्शियन सेन्मोंथिस. नवऱ्याची मृत्युपत्रं, तिने व्याजाने दिलेल्या कर्जांचे कागद, सगळं निरनिराळ्या देशांत. आज ते एका घरातलं म्हणून वाचता येतं.

दुसरी जागा कागदाची पाठ. पपायरस महाग नसला तरी फुकट नव्हता. पाठकोरा मिळाला की त्यावर काहीतरी लिहीत. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. ब्रिटिश म्युझियमला तो १८८८-८९ मध्ये मिळाला, केन्यन यांनी १८९१ च्या जानेवारीत छापला, आणि युरोपभर खळबळ झाली. कुठून आला ते विचारू नये असा रिवाज होता. पण ग्रंथ लिहिलेला होता पाठीवर. पुढच्या बाजूला एका शेताचा जमाखर्च होता: मालक एपिमाखोस, दिवाणजी दिदिमोस, साल सम्राट व्हेस्पेशियनचं दहावं-अकरावं, म्हणजे इ.स. ७८-७९, आणि शेत हेर्मोपोलिस जिल्ह्यातलं. तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाचा पत्ता त्या जमाखर्चाने दिला.

तिसरी जागा पपायरस स्वतः, हातात घेतलेला. वनस्पतीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकून पान होतं, पानं चिकटवून गुंडाळी. आडव्या तंतूंत एखादा गडद असतो, एखादा जाड. तो लाकडाच्या रेषेसारखा तुकडा ओलांडून पुढे जातो. कसरीचं भोक गुंडाळीच्या दर वेढ्यात पुन्हा येतं, आणि आत जाल तसतसं दोन भोकांमधलं अंतर कमी होत जातं. त्यावरून हा तुकडा गुंडाळीत बाहेरचा की आतला, ते सांगता येतं. एक अनुभव सांगते. आमच्याकडे तळहाताएवढा एक तुकडा होता, करभरण्याच्या पावतीचा, डावी कडा फाटलेली. वहीत फक्त 'खरेदी, कैरो'. त्याच्या तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, अगदी फाटलेल्या कडेवर, नुसती एक खाली उतरणारी शाईची शेपटी होती. अक्षर नाहीच. दोन वर्षांनी दुसऱ्या देशातल्या एका संग्रहाचे फोटो चाळताना एका पावतीच्या उजव्या कडेला शेपटी नसलेलं 'ऱ्हो' दिसलं. ग्रीक ऱ्हो, वरचं डोकं तेवढं. दोन्ही फोटो एका मापाला आणून शेजारी ठेवले. शेपटी बसली, चौथ्या ओळीतला गडद तंतू जुळला, आणि त्यांच्या तुकड्यावर गावाचं नाव पूर्ण होतं. त्या दिवशी मी जेवायला विसरले, हे कबूल करते.

याच कामाचं सर्वांत नाट्यमय उदाहरण बरंच जुनं आहे. लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्याकडे एका पपायरसचा खालचा अर्धा भाग होता, फेरो रामेसेस नवव्याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षातला: राजाचं थडगं फोडणाऱ्या चोरांचा कबुलीजबाब. १९३५ मध्ये ब्रसेल्सच्या संग्रहालयात झ्यां कापार यांना, बेल्जियमच्या राजाने तरुणपणी आणलेल्या एका पोकळ लाकडी मूर्तीत, वरचा अर्धा भाग मिळाला. मध्ये कुणीतरी तो आडवा कापून दोन गिऱ्हाइकांना विकला होता. थडगं लुटल्याचा पंचनामा, तोही लुटलेला.

उत्खननात नीट नोंद झाली तर काय मिळतं, ते कारानिसवरून कळतं. तिथे मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ घराघरांना क्रमांक देऊन खणलं. नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून आम्ही कुरकुरतो, तरी पीटर व्हान मिनन यांना त्यांवरून एका घरात सोक्रातेस नावाचा करवसुली अधिकारी राहत होता हे दाखवता आलं. त्याच घरातून ग्रीक नाटककार मिनांडरच्या नाटकाचा तुकडा निघाला. आणि करवसुलीच्या याद्यांत एक गंमत आधीच हर्बर्ट यूटी यांनी टिपली होती: एका शेतकऱ्याचं इजिप्शियन नाव उंदरांवरून होतं, तर यादी लिहिणाऱ्याने त्याचं ग्रीक भाषांतर म्हणून 'उंदराचा सापळा' या अर्थाचा असा शब्द घातला, जो जवळपास फक्त कवी कॅलिमाखसकडे आढळतो. करवसुली करता करता कविता वाचलेली दाखवणारा माणूस. घराचा क्रमांक नसता तर नाटकाचा तुकडा एका कपाटात आणि करयाद्या दुसऱ्या कपाटात राहिल्या असत्या आणि हा माणूस जन्मालाच आला नसता.

आता नकोशी बाजू. पूर्वी मूळ लपवण्यात लाज नव्हती. ब्रिटिश म्युझियमचे वॉलिस बज यांनी बाखिलिदेस कवीचा पपायरस कापून, त्याचे तुकडे छायाचित्रांच्या मध्येमध्ये ठेवून इजिप्तबाहेर काढला, आणि ते आपल्या आठवणींत मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं. आज असं कुणी लिहीत नाही. आज कागद तयार करतात. १९७० चा युनेस्कोचा करार आणि १९८३ चा इजिप्तचा कायदा यांमुळे 'हा त्याआधीच बाहेर आला होता' हे दाखवणं गरजेचं झालं, आणि मग जुन्या संग्राहकांची नावं, जुन्या पत्रांच्या प्रती, सगळं बाजारात येऊ लागलं.

२०१२ मध्ये रोममध्ये कॅरन किंग यांनी 'येशूची पत्नी' असा उल्लेख असलेला कॉप्टिक, म्हणजे ख्रिश्चन इजिप्तच्या भाषेतला, तुकडा जाहीर केला. कार्बन चाचणी झाली, शाईची चाचणी झाली. पपायरस जुनाच होता. कोरा जुना पपायरस मिळणं फार अवघड नाही. फसवणूक उघडी पडली ती त्याच मालकाकडून आलेल्या दुसऱ्या तुकड्यामुळे. ख्रिश्चन ॲस्कलँड यांच्या लक्षात आलं की त्यावरचा योहानाच्या शुभवर्तमानाचा मजकूर १९२४ साली छापलेल्या एका प्रतीवरून, एक ओळ सोडून एक अशा ओळी घेऊन उतरवलेला आहे. मालकीच्या साखळीची कागदपत्रं त्यानंतर एका पत्रकाराने तपासली आणि तीही ढासळली. क्रम उलटा हवा होता. आधी साखळी, मग चाचणी.

सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीचं प्रकरण मला जास्त लागलं, कारण कविता खऱ्या वाटतात. २०१४ च्या जानेवारीत तिच्या नव्या कवितांची बातमी आली. मूळ कुठलं, तर आधी एक कहाणी, मग दुसरी: २०११ मध्ये लंडनच्या लिलावात विकल्या गेलेल्या एका जुन्या अमेरिकी संग्रहातली. २०२० मध्ये मायकेल सॅम्पसन यांनी विक्रीसाठी केलेल्या माहितीपत्रकाची फाईल उघडून फोटोंचे तपशील आणि तारखा तपासल्या, आणि ती कहाणी टिकत नाही हे दाखवलं. ती कहाणी ज्या लेखात छापली होती तो प्रकाशकाने २०२१ मध्ये मागे घेतला. कविता आमच्याजवळ आहेत आणि त्यांचं गाव नाही. मी वर्गात त्या शिकवते की नाही, असं विद्यार्थी विचारतात. शिकवते, पण ही गोष्ट सांगितल्यावरच.

आणि ऑक्सिरिंखस. ज्या संग्रहाचं मूळ सर्वांत पक्कं, त्यातलेच तुकडे चोरीला गेले. २०१९ मध्ये संग्रहाची मालक असलेल्या लंडनच्या संस्थेने जाहीर केलं की तिचे तेरा तुकडे वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने विकत घेतलेले आढळले. पुढे गहाळ तुकड्यांचा आकडा १२० च्या आसपास गेला. ज्यांच्यावर संशय आला त्या अभ्यासकाने आरोप नाकारले आहेत. माझं लक्ष एका तपशिलावर अडकलं: तेरांपैकी बहुतेकांच्या बाबतीत तुकड्याबरोबर त्याचं सूचीपत्र आणि फोटोही जागेवर नव्हते. ज्याने कुणी हे केलं त्याला नोंदीची किंमत पक्की ठाऊक होती. गहाळ तुकडे ओळखता आले ते संस्थेकडे नोंदींची दुसरी प्रत होती म्हणून.

आम्हीही सोवळे नाही. आमच्या संग्रहात पन्नासेक वर्षांपूर्वी तुकडे नव्या काचांत बसवले, तेव्हा ज्या जुन्या पाकिटांतून ते आले होते ती टाकून दिली. व्यवस्थितपणा म्हणून. त्यांतली चार पाकिटं एका कपाटामागे पडून वाचली. एकावर पेन्सिलीने 'अश्मुनेन' लिहून खोडलंय आणि शेजारी वेगळ्या अक्षरात 'फायूम'. अश्मुनेन म्हणजे हेर्मोपोलिस. व्यापाऱ्याने खरं सांगून मग सावरलं, की खरेदी करणाऱ्याने फायूमला जास्त भाव म्हणून बदललं, कोण जाणे. पण त्या पाकिटातल्या नऊ तुकड्यांचा मजकूर हेर्मोपोलिसचा आहे.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर परदेशी जायची गरज नाही. लूव्हेनच्या ट्रिस्मेगिस्टोस या सूचीत जवळपास प्रत्येक प्रकाशित पपायरसला एक क्रमांक आहे, दप्तरांची वेगळी यादी आहे. मजकूर आणि बरेच फोटो पपायरी डॉट इन्फो वर फुकट मिळतात. सूचीत 'मूळ ठिकाण' दिसलं की ते लिहिल्याचं की सापडल्याचं, ते आधी बघा. मग दाखल क्रमांक बघा, साल बघा, विकणाऱ्याचं नाव दिलंय का बघा.

मुझिरिसच्या पपायरसला व्हिएन्नात जी ४०८२२ असा क्रमांक आहे. सगळे अभ्यासक तोच मागवतात, मीही मागवला होता. आता पुन्हा जाईन तेव्हा चिठ्ठीवर आधी जी ४०८२१ आणि जी ४०८२३ लिहीन, आणि त्यांच्याबरोबर १९८० सालच्या खरेदीची फाईल मागेन.